काळीपिवळीले आवतन

त्या दिवशी आंगनात कोन कोन होतं ते अगुदर सांगते, कारन मांगून लोकं येगयेगळं सांगतात. मी होती. माही लेक वंदी होती. जावई संतोष होता. संतोषची माय, म्हंजे माही इवाईन, सुपात गहू पाखडत बसेल होती. मंगरूळचे भंगारवाले चाचा होते, त्याईनं टेम्पो रस्त्यावर उभा केला होता. अन् माहे इवाई होते, ज्याच्यापायी हे सारं चाललं होतं. बैलाच्या कोठ्यात त्याईची जुनी काळीपिवळी जीप उभी होती अन् ओसरीवर वंदीची पिठाची गिरनी खोक्यात बांधेल पडली होती. लाइटीचं मीटर कोठ्यात होतं, म्हनून गिरनी बी तथीच लागनार होती. जीप निंगाल्याबिगर गिरनी लागत नव्हती, अन् जीप देऊन टाकाची का नाई हे इवायाचं ठरत नव्हतं. म्हनून मले माह्या गावावरून बलावून आनलं होतं. मी शिकेल नाई, हे नातीले सांगून लिहून घेऊन राह्यली, त्यात मांगंपुढं झालं त चालवून घ्या.

पुऱ्या वाशीम जिल्ह्यात माह्या इवायाइतका पक्का मानूस नाई, अन् त्याईच्याइतका घोटाळ्यात पडेल मानूस बी नाई. हे दोन्ही एकाच मानसात कसं राह्यते ते मले अजून समजलं नाई. एकदा ठरवलं का ठरवलं. फक्त चहा प्याला का पुन्हा ठरवत. लगनाले जाऊ म्हनत अन् कपडे घालून दारात बसून राहत. शेलूबाजारच्या मोटार-ठेसनावर त्याईची गाडी मंगरूळच्या लाइनीले लागे, अन् ती सदा उतारावर लागे, कारन बॅटरीचा अन् तिचा काही सबंध राह्यला नव्हता. उतारावरून सोडली, खाली घरंगळली, दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडला का मंग ती खोकलून चालू होये. म्हनून त्याईचं ध्यान पुऱ्या दुनियेत एकाच गोष्टीवर होतं. कोन्या गावाले गेले त देवळाचं कळस नाई पाहत, उतार पाहत. पोहरादेवीले जाऊन आले अन् मी इचारलं, दर्शन कसं झालं, त म्हनले, "दर्शन चांगलं झालं, पन जागा निरा सपाट हाय बाप्पा, निंगताना लय तरास झाला."

गाडी भंगारात कवा द्याची, हे त्याईनं लय वर्सांपासून ठरवून ठेवलं होतं. पहिले म्हने, ज्या दिवशी पॅसेंजर धक्का माराले खाली उतरनार नाईत, त्या दिवशी देऊन टाकतो. पन आपल्या इकडचे लोकं, गाडी थांबली का न सांगता उतरतात. धोतरवाले बुढे उतरत, शाळेचे मास्तर उतरत, एकदा त नवी नवरी बी उतरली अन् शालू खोचून लोटू लागली. मंग म्हने, दार पडलं का देतो. त दार पडलं. यात्रेची गर्दी होती, मानसं आत, मानसं टपावर, अन् वळनावर डाव्या अंगाचं दार निंगून शेतात गेलं. इवायानं गाडी थांबवली, दार उचलून आनलं, ज्या बाईजोळचं पडलं होतं तिच्या मांडीवर देलं अन् म्हनले, "बाई, हे धर घडीभर, तुह्यापाशी दार हाय असं समज." सांजच्याले घरी आल्यावर म्हनतात, "दार म्हंजे काही गाडी नोय." मंग ते दार दोरीनं बांधलं. मंग म्हने, हॉर्न बंद पडला का देतो. हॉर्नचा त्याईले भारी शौक. बकरी दिसली का हॉर्न, वळखीचा दिसला का हॉर्न, कोनीच नाई दिसलं त रस्ता मोकळा हाय ह्या खुशीत हॉर्न. पन तो हॉर्न काही बंद पडला नाई. त्या गाडीतलं जे जे वाजाले नोको ते सारं वाजे, अन् ज्यानं वाजाव तो हॉर्न बी वाजे. अशी तिची तब्येत होती.

माही वंदी त्याईच्या घरात कशी गेली ते सांगते, म्हंजे पुढचं समजन. आमचं घर टेकाडावर हाय, दारातून रस्ता सरका खाली जाते. वंदी मोठी झाली तवा इवाई एक दिवस लेकाले घेऊन आले. चहा झाला. वंदीनं पानी आनलं, पाया लागली. इवाई भाईर गेले, दारात उभं राहून रस्त्याकडं लय येळ पाह्यलं, आत आले अन् म्हनले, "पोरगी पसंत हाय. उतार बी चांगला हाय." वंदी अजून हसते त्याच्यावर. संतोषले म्हनते, "तुमी मले नाई पाह्यलं, तुमच्या बाबानं उतार पाह्यला." देन्याघेन्याचं नाव त्याईनं काढलं नाई. उतार पाहून सोयरीक झाली असं साऱ्या गावानं हसून घेतलं.

पन तो उतार त्याईनं पहिल्यांदा त्या दिवशी नव्हता पाह्यला. वंदी शाळेत जात होती तवाची गोष्ट. माह्या मालकाच्या पोटात दुखे, दुखे, मंग एक दिवस अकोल्याच्या दवाखान्यात नेलं अन् तथीच सरले. मी एकली होती. दवाखान्याच्या भाईर जीपा उभ्या होत्या, पन कोनी तयार होयेना. मेलेला मानूस नेला त दुसऱ्या दिवशी गाडीत पॅसेंजर बसत नाई, त्याईचं बी काही चुकत नव्हतं. हे इवाई, तवा मी त्याईले निरा काळीपिवळीवाला म्हनून वळखत होती, कोनातरी आजाऱ्याले सोडाले आल्ते. मले पाह्यलं, जोळ आले, इचारलं काही नाई. म्हनले, "ताई, माह्या गाडीत लोकं तसेच नाइलाजानं बसतात. तिचं आनखी काय बिघडन. चाला." मधलं सीट काढून टपावर बांधलं, मालकाले आत निजवलं, मी पायाजोळ बसली. अकोल्यावरून आमच्या दारापरेंत त्या मानसानं हॉर्नले हात लावला नाई. बकऱ्या आडव्या आल्या त थांबला. कोनाची बैलगाडी समोर होती, तिच्या मांगं मांगं चालला. घरी उतरवलं, पानी बी नाई पेला, जीप उतारावरून सोडून देली अन् गेला. मांगून समजलं, पुढचे लय दिवस त्याच्या गाडीत कोनी बसलं नाई, तरी तो ठेसनावरून मंगरूळ अन् मंगरूळवरून ठेसन रिकामी गाडी पळवत राह्यला. मले रडाले टाइम नव्हता, सोयाबीन कापनीवर आलं होतं, लोकाच्या वावरात जा लागे. पन रस्त्यावरून ती रिकामी जीप खडखडत गेली का मी इळा ठेवून पाहो.

त असं हे आमचं नातं. अन् आता जीपचे कागद संपले होते, मांगचा स्प्रिंगचा पाटा तुटेल होता, ब्रेक मारला का ती इचार करून थांबे, अन् उन्हाळ्यापासून त उतारावरून बी चालू होत नव्हती. संतोष म्हने, बाबा कोनाले त घेऊन खड्ड्यात जातीन. वंदीनं शिलाई करून करून गिरनी घेतली होती, पावसाळाभर ती खोक्यातच होती, खोक्यावर कोंबडी बसे. गावात दुसरी गिरनी नाई, बाया डोक्यावर दयन घेऊन शेलूबाजारले जात. वंदी मले फोनवर म्हनली, "माय, ते कोनाचंच आयकत नाईत, पन तुह्या शब्दाच्या भाईर जात नाईत. तू ये अन् सांग, देऊन टाका म्हना. माह्यासाठी सांग." मी म्हनलं, सांगते. एसटीत बसून पुऱ्या रस्त्यानं तेच घोकत आली, इवाई, देऊन टाका. इवाई, देऊन टाका.

संतोषनं चाचाले बलावलं तो दिवस नेमका पोळ्याच्या आदला निंगाला. कोनाच्या ध्यानातच नाई, कारन घरचे बैल कवाचे गेले, वावर ट्रॅक्टरनं होते. बैलाच्या कोठ्यात जीप, त सनाचं कोन पाहते. शेजारी मात्र नदीवरून बैल धुऊन आनून राह्यले होते, घुंगराचा आवाज येऊन राह्यला होता. इवाई जीपजोळ उभे होते, एक हात बॉनेटवर.

संतोष म्हनला, "बाबा, आता काय ते बोला. चाचा कवाचे बसेल हायेत."

"मी काय बोलू. मी पक्कं ठरवलं हाय."

"काय ठरवलं?"

"इवाईनबाई म्हनतीन तसं." अन् माह्याकडं पाह्यलं. "सांगा इवाईनबाई. तुमी म्हना देऊन टाक, आत्ता देतो. तुमी म्हना नोको, त हे चाचा चहा पिऊन जातीन."

चाचा म्हनले, "चाय तो मैं वैसे भी पियूंगा." ते हिंदीत बोलत अन् भावताव मराठीत करत.

सारे माह्या तोंडाकडं पाहू लागले. वंदी गिरनीच्या खोक्यावर हात ठेवून उभी होती. मी पुऱ्या रस्त्यानं घोकलेलं, पन तोंड उघडलं अन् आतून काहीच येईना. इकडं पाह्यलं त लेक, तिकडं पाह्यलं त दोरीनं बांधेल दार. मी पदर सावरला, खाली बसली, पुन्हा उठली. दोन्ही खरं होतं, मंग कोनतं बोलाव. तवा माही इवाईन सूप ठेवून उठली, आत गेली अन् वाटीत हळद अन् तूप कालवून, पळसाचं पान घेऊन आली. म्हनली, "आज खांदे मळाचा दिवस हाय. बैल नाईत त मी दरसाली खुंट्याले हळद लावते. आता ही जाऊनच राह्यली असन त कोरडी नोको जायाले. इवाईनबाई, तुमीच लावा. तुमी बसेल हा तिच्यात."

मले बरं वाटलं, बोलाचं टळलं. पन जीपचा खांदा कुठी असते हे कोनाले मालूम. संतोष म्हनला, बॉनेट म्हंजेच खांदा. चाचा म्हनले, नाई, जू कुठं बसते, सामने, म्हनून बंपर. इवाई दोघायवर चिडले, "वझं कोन उचलते? मांगचे पाटे. खांदा मांगं असते जीपचा. जिंदगी गेली, मले शिकवून राह्यले." वंदी कपाळावर हात मारून म्हनली, "लावा कुठी बी, पन लवकर लावा." मी साऱ्या बाजूनं लावली. बॉनेटले, बंपरले, मांगच्या पाट्यायले वाकून लावली. दाराले बी लावली, त्यानं बी तकलीफ काढली होती. तूप ऊन होतं, पत्रा बी दारातून येनाऱ्या उन्हानं ऊन होता, हात लावला त जनावरासारखंच वाटलं. अन् जलमभर बैलाचे खांदे मळताना जे बोलत आली ते माह्या तोंडातून आपोआप निंगालं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

 मलेच पहिले समजलं नाई काय झालं ते.

"माय," वंदी हळूच म्हनली, "तू आली कायले होती अन् केलं काय वं तू?"

"आवतन देलं," माही इवाईन म्हनली. "देलं त देलं. आता तिले उपाशी कसं काढता घरातून?"

संतोष म्हनला, "अवं माय, ते लोखंड हाय. जेवते काय ते?"

"तू डिझेल पाजे तवा नाई म्हनला लोखंड हाय म्हनून."

चाचानं कप खाली ठेवला, हात झटकले. "दावत का मेहमान मैं नहीं उठाता. पाप लगता है. पोळा होऊ द्या, मंग पाहू." अन् रिकामा टेम्पो घेऊन गेले. इवायाच्या तोंडाकडं पाह्यलं त ते खुश बी नव्हते अन् नाराज बी नव्हते. मले म्हनले, "इवाईनबाई, म्हंजे ठरलं काय?" मी म्हनलं, "मले नाई मालूम, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पोळा. आवतन देलं म्हंजे तोरनाखाली न्या लागे. पन चालू होत नव्हती, अन् पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपत नाईत. त गावातले मानसं आले. कोनी बलावलं नव्हतं. ज्याईनं ज्याईनं जलमभर धक्का मारला होता ते सारे आले, अन् ज्याची त्याची जागा बी ठरेल होती, हा डाव्या अंगानं, तो स्टेपनीजोळ. वंदीनं तोंड फुगवून का होयेना, दोन्ही दिव्यायले बेगड लावली, बॉनेटवर झूल टाकली. इवाईनीनं घुंगराची माळ बांधली. बैलाच्या रांगीत जीप उभी राह्यली. बाया आरती घेऊन आल्या. एक म्हनली, माहा राजू हिच्यात झाला, दवाखाना आलाच नाई. एक बुढा बंपरले हात लावून पाया पडला अन् मांगं वळून म्हनला, "लय लोटली वं हिले, कंबर माही हिनंच खाल्ली." हसनं चाललं होतं. तोरन तुटलं, बैल घराकडं पळाले, अन् मानसायनं जीप देवळाच्या उतारावर आनून सोडली. इवाई सवयीनं स्टेरिंगवर होते. सवयीनं दुसऱ्यात टाकली. सवयीनं क्लच सोडला. अन् उन्हाळ्यापासून मुकी पडेल गाडी खोकलली, काळा धूर सोडला अन् चालू झाली.

मांगं राह्यलेला एक बैल दावं तोडून गेला. मानसं चिल्लावले. इवाई मात्र खाली उतरले, चालू गाडीच्या समोर जाऊन उभे राह्यले अन् तिच्याकडं असं पाहत होते जसं तिनं त्याईले फसवलं. "आता हे काय?" म्हनले. "काल चालू व्हाचं होतं त झाली नाई. आता काय करू मी?"

घरी आनली. बंद करत नव्हते, बंद केली त उठनार नाई म्हनून. ती आंगनात घरघर करत उभी अन् बॉनेटवर ताटात पुरनपोळी, कढी, भजे. सारं ताट थरथरत होतं, कढी सांडून राह्यली होती. संतोष भिताडाले टेकून उभा. वंदीनं ओसरीवर गिरनीच्या खोक्यावरून कोंबडी हाकलली अन् खोक्यावरची घान पुसत बसली. ते पुसनं मी पाह्यलं. अन् इवाई माह्याजोळ आले, डोये लहान लेकरासारखे. "इवाईनबाई, आता?"

तवा मले बोलता आलं. कसं आलं ते मालूम नाई. मी म्हनलं, "भाऊ, आवतन देलं, ती आली. आपल्या पायानं आली. पोटभर जेवली. जेवलेल्या पावन्याले कोनी टेम्पोत टाकून धाडत नाई, अन् कोनी डांबून बी ठेवत नाई. तुमी सोतः पोचवून द्या."

ते बॉनेटजोळ गेले. मंग ताट उचललं, पोळीचा एक तुकडा तोडून टाकीच्या झाकनावर ठेवला, उरलेलं सोतः खाल्लं. "पोचवून देतो," म्हनले. अन् चाबी फिरवून गाडी बंद केली.

सकाळी धक्का मारून चालू केली. संतोष म्हनला, "कागद नाईत, पोलीस भेटला त?" इवाई म्हनले, "सांगन, पोळ्याले आल्ती, घरी चालली." मी म्हनलं मी येते संग. पुढच्या सीटवर बसली, दार मांडीवर धरून, दोरी कालच्या घाईत सुटली होती. सकाळचं ऊन होतं, रस्त्याच्या कडेले सोयाबीन पिवळं पडाले लागलं होतं. बकऱ्या आडव्या आल्या, थांबले. वळखीचे भेटले, त्याईनं हात दाखवला, ह्याईनं मान हालवली. मंगरूळ आलं तवा माह्या ध्यानात आलं का हॉर्न काही वाजला नाई. मी मांगं वळून मधल्या सीटकडं पाह्यलं नाई. काय पाहाचं.

चाचाचं आंगन मोठं, जुन्या गाड्या पडेल. सपाट जागा लय होती. पन इवायानं गाडी फिरवली, मांगं घेतली, पुढं घेतली अन् फाटकाजोळ जराकसा उतार होता तथी नेऊन उभी केली, तोंड खाली करून. चाचा म्हनले, "अरे भाई, अब काहे को उतार पे?"

इवाई म्हनले, "सकाळी चालू कराले सोपं जाते."

म्हनून त बसले, अन् मंग स्टेरिंगवरून हात काढून हाताकडंच पाहत राह्यले.  चाचानं एक दगड आनला अन् चाकाखाली नीट लावून देला.

आता कोठ्यात गिरनी चालते. वंदी पिठानं पांढरी होऊन बसेल राह्यते, बाया नंबर लावतात. इवाई जेवतात, झोपतात, चांगले हायेत. फक्त सकाळ झाली का आंघोळ करून, टोपी घालून, कोनाच्या तरी गाडीवर बसून शेलूबाजारच्या ठेसनावर जातात अन् ज्या उतारावर जीप लागे तथी उभे राह्यतात. दुपारी परत येतात. वंदी म्हनते, ते इसरतात. संतोष म्हनते, इसरत नाईत, मुद्दाम करतात. मी एकदा इचारलं, "भाऊ, तथी काय करता?" त म्हनले, "काही नाई, पाहतो कोन कोन जाते." मले दोन्ही खरं वाटते.

म्हनून वाचनाऱ्याले माही एवढीच इनंती हाय. कवा शेलूबाजारवरून गेले अन् उतारावर पांढऱ्या मिशीचा, टोपीवाला बुढा एकला उभा दिसला, त घडीभर थांबा अन् त्याईले इचारा, "काका, मंगरूळ कवा निंगते?" ते म्हनतीन, "भरली का निंगते." गाडी कुठी हाय असं नोका इचारू. बरं म्हना, अन् जराकसं त्याईच्या बाजूले उभं राहा.